घरापुढचा ठिय्या आणि शेजारची दारं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांच्या घरासमोर होणाऱ्या आंदोलनांबद्दल बरीच पत्रं आली. काही आंदोलकांची आहेत, बरीचशी शेजाऱ्यांची. त्यांतली निवडक पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या वस्तीत तीन दिवसांआड पाणी येतं. निवेदनं देऊन थकलो. आता आमदारांच्या घरासमोर रिकामे हंडे घेऊन ठिय्या देणार आहोत. साठेक जण असू, बहुतेक बायका. परवानगी कुणाची लागते? काय सांभाळावं?
(पाणी प्रश्न समिती, नाशिक)

आधी जागेचा विचार करा. आमदारांचं संपर्क कार्यालय वेगळ्या ठिकाणी असेल तर ठिय्या तिथेच द्या. निवेदन घ्यायला तिथे माणूस असतो, पत्रकार तिथे येतात आणि तो रस्ता बहुधा बाजाराचा असतो. पाण्याचा प्रश्न महापालिकेच्या वितरणाचा असेल तर विभागीय कार्यालयाचं दार त्याहून योग्य. घराची निवड कराल तेव्हा एक गोष्ट धरून चाला : त्या गल्लीतल्या बाकीच्या कुटुंबांचा तुमच्या पाण्याशी काहीही संबंध नाही.

अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे करा, निदान चार-पाच दिवस आधी. त्यात जागा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, वाहनं किती, ध्वनिक्षेपक आहे की नाही आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावं, मोबाइल क्रमांक लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोहोच घ्या. तोंडी ‘या, बघू’वर विसंबू नका. ध्वनिक्षेपकासाठी वेगळी लेखी परवानगी लागते. मांडव घालायचा असेल तर महापालिकेची लागते आणि वाहतूक वळवावी लागणार असेल तर वाहतूक शाखेची.

बहुतेक आंदोलनं इथेच अडकतात. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(३) खाली जमावबंदीचा आदेश लागू आहे का, हे आधी विचारा. हा आदेश एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतचा असतो, पण लागोपाठ काढला जातो. त्याच कलमाच्या पहिल्या पोटकलमाखाली काठ्या, दगड, पुतळ्यांचं प्रदर्शन, घोषणा आणि वाद्यांवरही बंदी घालता येते. म्हणजे झेंड्याच्या जाड दांडक्यावरून किंवा प्रतीकात्मक अंत्ययात्रेवरूनसुद्धा गुन्हा दाखल होऊ शकतो. आदल्या दिवशी पोलिसांची नोटीस येईल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून जुने कार्यकर्ते तिला अजून ‘१४९ची नोटीस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली निघते. नोटीस आली म्हणजे आंदोलन बेकायदा ठरलं असं नाही. ती घ्या, वाचा, अटी मान्य असतील तर तसं लेखी कळवा. ऐन वेळी उचललंच, तर बहुतेकदा पोलीस अधिनियमाच्या ६८ आणि ६९ या कलमांखाली ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडतात. बायका जास्त आहेत, तेव्हा महिला पोलीस हजर ठेवण्याची विनंती अर्जातच करा.

आता जमिनीवरची आखणी. बसलेल्या माणसाला साधारण अर्धा चौरस मीटर जागा लागते. साठ जणांना तीस चौरस मीटर, म्हणजे दोन मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब पट्टा. रस्त्याच्या एकाच कडेला, दोन किंवा तीन ओळींत बसा. गोल करून बसलात की नऊ मीटरचा रस्ता तेवढ्याच माणसांनी बंद होतो. अग्निशमन बंब जाईल एवढी, म्हणजे साडेचार मीटर वाट सतत मोकळी ठेवा. शेजारच्या प्रत्येक फाटकासमोर खडूनं आखून जागा सोडा आणि तिथे आपलाच एक स्वयंसेवक उभा करा. हंडे ओळीच्या मागे ठेवा. ते वाटेत गडगडले की ढकलाढकली तिथूनच सुरू होते.

वेळ सकाळी दहा ते दुपारी एक ठेवा. शाळेच्या बस तोपर्यंत गेलेल्या असतात. आदल्या दिवशी आजूबाजूच्या घरांत एक चिठ्ठी द्या : मागणी काय, वेळ कोणती, अडचण आली तर फोन कुणाला करायचा. ही चिठ्ठी फार कमी संघटना देतात, आणि शेजारी विरोधात का जातात याचं निम्मं कारण तेच आहे. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय आधी बघून ठेवा, नाहीतर तीन तासांत शेजाऱ्यांच्या दारावर थापा सुरू होतात. उठताना कचरा पिशवीत भरून न्या.

प्रश्न : आमची इमारत एका आमदारांच्या बंगल्याला लागून आहे. महिन्यातून दोन-तीनदा मोर्चा येतो. कर्णे, हलगी, रात्रीपर्यंत घोषणा. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा आहेत, त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मोर्चेकऱ्यांच्या मागण्या रास्त असतीलही, पण आम्ही काय करावं?
(गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव, ठाणे)

तुमची अडचण खरी आहे आणि तिला कायद्याचा आधार आहे. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असेल तर ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला, किंवा रात्रीच्या बंदीचा भंग झाला, की कुणीही तक्रार करू शकतो.

हा आवाज घरात किती शिरतो, याचा अंदाज घेता येतो. कर्ण्यापासून एक मीटरवर ९५ डेसिबल असतील तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट होईल तसे साधारण ६ डेसिबल कमी होतात : दोन मीटरवर ८९, चारवर ८३, आठवर ७७, सोळावर ७१. म्हणजे सोळा मीटरवरच्या खिडकीतही मर्यादेच्या १६ वर. शिवाय दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर भिंतींवरून आवाज परततो आणि घट याहून कमी होते. म्हणून आयोजकांशी बोलताना ‘आवाज कमी करा’ असं मोघम सांगू नका. कर्ण्याचं तोंड बंगल्याच्या फाटकाकडे तिरकं आणि खाली करा, दोनऐवजी एकच ठेवा, आणि तोही भाषणापुरता. असं नेमकं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

तक्रार ११२ वर करा आणि वेळ लिहून ठेवा. तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये नेहरूनगर भागातल्या ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणातही त्यावर भर दिला गेला. मोबाइलवरच्या ॲपचं मोजमाप पुरावा म्हणून कच्चं असतं. पोलिसांकडे ध्वनिमापक असतो, तो आणायला सांगा आणि नोंद स्टेशन डायरीत झाली का ते विचारा.

आजोबांच्या बाबतीत मात्र फोनवर अवलंबून राहू नका. सोसायटीनं आजच एका कागदावर यादी करावी : डायलिसिसचे वार आणि वेळा, ऑक्सिजनवरचे रुग्ण, दिवस भरत आलेल्या बायका, चालता न येणारे ज्येष्ठ, शाळेच्या बसच्या वेळा. ही यादी पोलीस ठाण्यात द्या आणि परवानगी देतानाच त्या वेळी वाट मोकळी ठेवण्याची अट घालावी अशी लेखी मागणी करा. अट आधी कागदावर असेल तर बंदोबस्तावरचा हवालदार ती अमलात आणू शकतो. ऐन वेळी त्याच्या हातात काहीच नसतं. कुणी फाटकच अडवलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे : एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांडव घालून आठवडेच्या आठवडे रस्ता व्यापला असेल तर उपद्रव दूर करण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो. पण त्याला वेळ लागतो, तासाभराच्या मोर्चाला तो उपाय नव्हे.

प्रश्न : आम्हाला मोर्चापेक्षा पोलिसांच्या नाकाबंदीचा त्रास जास्त होतो. स्वतःच्या घरी जायला आधार कार्ड दाखवावं लागतं. घरकामाच्या बायकांना परत पाठवतात.
(वांद्रे पूर्व, मुंबई)

हा त्रास आंदोलन रद्द झालं तरी होतो. एप्रिल २०२२ मध्ये राणा दांपत्यानं ‘मातोश्री’बाहेर हनुमान चालिसा म्हणण्याची घोषणा केली. ते तिथे पोहोचलेच नाहीत. तरी ‘मातोश्री’ जिथे आहे त्या कलानगरात शिवसैनिक जमले, आणि राणांच्या खारमधल्या इमारतीबाहेरही जमले. दोन्ही ठिकाणी बंदोबस्त लागला. त्या वादाशी देणंघेणं नसलेल्या कुटुंबांना दोन्हीकडे सारखंच अडकून पडावं लागतं.

सहायक पोलीस आयुक्तांना भेटून तीन गोष्टी मागा. एक, रहिवाशांच्या गाड्यांसाठी स्टिकर आणि पायी येणाऱ्यांसाठी सोसायटीच्या शिक्क्याचं ओळखपत्र. घरकाम करणाऱ्या, दूधवाले, परिचारिका, गॅसवाले यांची नावं त्याच यादीत घाला, कारण वगळले जातात ते हेच. दोन, अडथळे लावताना एक बाजू पूर्ण बंद न करता सरकता अडथळा ठेवून एक मार्गिका. तीन, एका अधिकाऱ्याचा क्रमांक, जो बंदोबस्त संपेपर्यंत उचलला जाईल. जमावबंदीचा आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघाला असेल तर तो साधारणपणे दोन महिन्यांपर्यंतच राहतो, आणि तो बदलावा म्हणून बाधित व्यक्ती अर्ज करू शकते. तो अधिकार आंदोलकांइतकाच तुमचाही आहे.

प्रश्न : घरासमोरच्या आंदोलनांवर सरळ बंदी का घालत नाहीत? घर ही खासगी जागा आहे.
(निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सरसकट बंदी आम्हाला पटत नाही. दिल्लीच्या जंतरमंतरचं उदाहरण घ्या. तिथल्या रहिवाशांनी कर्णे आणि घाणीची तक्रार केली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादानं ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथली आंदोलनंच थांबवली. २३ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही संपूर्ण बंदी उठवली आणि पोलिसांना नियमावली करायला सांगितलं. रहिवाशांचा शांततेचा हक्क न्यायालयानं नाकारला नाही. आंदोलनाचा हक्कही ठेवला आणि दोन्ही बसतील अशा अटी घालायला लावल्या. पुढे ७ ऑक्टोबर २०२० च्या शाहीनबाग प्रकरणाच्या निकालात मात्र सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापता येणार नाही, हेही स्पष्ट झालं.

म्हणून शेजाऱ्यांनी बंदी मागण्यापेक्षा अटी मागाव्यात : वेळ, संख्या, आवाज, वाट. बंदी घातली की लोक परवानगी न मागता येतात, आणि मग वेळही ठरलेली नसते, जबाबदार माणूसही सापडत नाही.

आंदोलकांनाही सांगणं आहे. ८ एप्रिल २०२२ रोजी एसटी कर्मचाऱ्यांचा जमाव शरद पवार यांच्या ‘सिल्व्हर ओक’ निवासस्थानी घुसला, चपला आणि दगड फेकले गेले. शंभराहून अधिक जणांना अटक झाली. एसटीच्या राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी घेऊन महिनोन् महिने संपावर असलेल्या माणसांबद्दल दुसऱ्या दिवशीपासून चर्चा झाली ती फक्त हल्ल्याची. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की तो अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो आणि मागणी मागे पडते. घरात मुलं, वयस्कर माणसं असतात. त्यांची नावं घेऊन घोषणा देऊ नयेत, मुलांच्या शाळेचा पत्ता फिरवू नये. एवढी मर्यादा कायद्यात लिहिलेली असो वा नसो, पाळलीच पाहिजे.

प्रश्न : दगडफेकीत रस्त्यावर उभ्या केलेल्या माझ्या गाडीची काच फुटली. भरपाई कुणाकडून?
(बीड)

पहिल्यांदा विमा बघा. सर्वसमावेशक पॉलिसीत दंगल आणि संपामुळे झालेलं नुकसान धरलेलं असतं. नुसती ‘थर्ड पार्टी’ असेल तर मिळत नाही. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, पोलिसांत तक्रार देऊन प्रत घ्या, पंचनामा मागा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. काच बदलून मग दावा केला की सर्वेक्षकाला पाहायला काही उरत नाही आणि दावा तिथेच अडतो.

सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण बहुतेक यंत्रांत काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. म्हणून लगेच वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते चित्रीकरण गटांवर मात्र फिरवू नका. घोषणा देणारा आणि दगड मारणारा एकाच चौकटीत दिसतात, आणि ओळख चुकली तर भोगतो निरपराध.

प्रश्न : वृत्तवाहिनीचे लोक आमच्या गच्चीवरून चित्रीकरण करू द्या म्हणतात. द्यावं का?
(पुणे)

गच्ची सामायिक आहे, त्यामुळे एका सभासदानं परस्पर किल्ली देऊ नये. समितीनं लेखी परवानगी द्यावी किंवा लेखी नाही म्हणावं. दिलीत तर माणसांची संख्या आणि वेळ ठरवा, कठड्याजवळ उभं राहू देऊ नका आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या चौकटीत येणार नाहीत हे आधी बघून घ्या. वाहिनीची प्रक्षेपण गाडी तुमच्या फाटकासमोर लागणार नाही, ही अट त्याच कागदावर लिहा.