एचडीएमआय नसलेला लॅपटॉप आलाय? आधी हब मागवू नका

नव्या लॅपटॉपला नुसतं टाइप-सी (छोटं, लंबगोल यूएसबी), म्हणून आता हब (एका टाइप-सीतून अनेक पोर्टं देणारी डबी) घ्यावा लागणार, हा तुमचा वैताग रास्त आहे. एचडीएमआय (मॉनिटर-टीव्ही जोडायचं पोर्ट) आणि जुनं रुंद यूएसबी काढून टाकायचं, नुसती टाइप-सी ठेवायची आणि वर ‘स्लिम’ म्हणून मिरवायचं! तक्रार जरूर करा, कधीकधी उपयोग होतो. ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय आणि एसडी कार्डची खाच काढली होती. २०२१ मध्ये दोन्ही परत आणावी लागली.

पण लॅपटॉप घेतलाच आहे, तर आधी पोर्ट ओळखा. नवखे इथेच फसतात. सगळी टाइप-सी पोर्टं दिसायला सारखीच. काहींतून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होतं, पण चित्र प्रत्येकातून जात नाही. त्यासाठी पोर्टात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (टाइप-सीतून चित्र पाठवायची सोय) किंवा ‘थंडरबोल्ट’ (डेटा, चित्र दोन्ही नेणारं वेगवान टाइप-सी) लागतं. कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे शब्द शोधा. नसतील तर साध्या हबवर मॉनिटर बहुधा चालणार नाही.

मग गरजेपुरतंच घ्या:

- फक्त पेनड्राइव्ह, माउस: छोटा ॲडाप्टर पुरे.
- ४के मॉनिटर: हबवर ४के साठी ‘६० हर्ट्झ’ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) लिहिलंय ना, बघा. स्वस्त हब ३० वर अडतात आणि माउसचा बाण अडखळतो.
- हबमधूनच चार्जिंग: हब काही वॅट स्वतःसाठी ठेवतो, म्हणून कमी ताकदीचा चार्जर लावू नका.

आणि हो, फोनच्या चार्जरची केबल मॉनिटरला लावून ‘पोर्ट खराब आहे’ म्हणू नका. तसल्या बऱ्याच केबल यूएसबी २.० च्या असतात, त्यांतून चित्र जातच नाही.

डॉक (टेबलावर ठेवायचा मोठा हब) वगैरे सध्या सोडा. मॉडेलचा पूर्ण नंबर कळवा, पोर्ट बघून सांगतो.