घशात मागे हाडासारखं काहीतरी लागतंय

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, मी नंदनवनला राहतो, वय 37, एका होलसेल दुकानात हिशोबाचं काम करतो. सकाळी ब्रश झाला की दोन बोटं आत घालून घसा साफ करायची सवय आहे जी, आमच्या घरी बाबांपासून सगळेच करतात. महिनाभर होत आला असेल, असंच करताना डाव्या बाजूला टॉन्सिलच्या तिथे बोटाला काहीतरी कडक लागलं. एकदम टणक, हाडासारखं, थोडं टोकदारच वाटते. उजव्या बाजूला तसं काहीच लागत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं, बायकोलाही पाहायला लावलं, दिसत तं काहीच नाही. आधी दुखत नव्हतं पण मी आता दिवसातून कितीदा तरी दाबून पाहतो, त्यामुळे घसा खवखवतो अन् डावा कान पण जड वाटते. नेटवर पाहिलं तर सगळीकडे कॅन्सरच लिहिलेलं. दुपारी जेवल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो, दोघांत एक पुडी. मोठ्या मामाला तोंडाचाच कॅन्सर झाला होता, ते सगळं घरात पाहिलंय. दुकानातले म्हणतात उष्णता आहे, जेष्ठमध चघळ. बायको म्हणते सरळ सिटी स्कॅन करून टाक. दाताच्या डॉक्टरकडे जाऊ की घशाच्या? रात्री झोप नाही लागत मॅडम.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : भाऊ, पहिले एक काम करा, घशात बोट घालणं आजपासून एकदम बंद. दाबून पाहायचं नाही आणि सकाळचं ते ओकाऱ्या काढून घसा साफ करणंही नाही, त्याची शरीराला काहीच गरज नसते. घशाची आतली कातडी फार नाजूक असते, रोज नख आणि बोट लागलं की ती सुजते, लाल होते, मग जे मुळात नव्हतं ते दुखणं सुरू होतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही की यातलं मूळचं किती आणि बोटाने झालेलं किती.

आता मुद्द्याचं. घशाच्या मागे बोटाला कडक लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी जन्मापासूनच तिथे असतात, फक्त आपण कधी हात लावलेला नसतो म्हणून माहीत नसतात. पडजिभेच्या मागची जी भिंत दिसते तिच्या अगदी मधोमध कडक लागलं तर तो मानेच्या मणक्याचा पुढचा भाग, तिथे कातडी आणि हाड यांच्यात फार काही जाडी नसतेच. वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे, जिथे टाळू मऊ व्हायला लागतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक टोक लागतं, तेही हाडच. कोणाकोणाच्या टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा असतो, तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि काही करत नाही.

तुम्ही सांगता ते वेगळं आहे. एकाच बाजूला, टॉन्सिलच्या तिथे, टोकदार आणि डोळ्यांना न दिसणारं. तुमचं पत्र वाचून माझ्या मनात पहिले आलं ते स्टायलॉइड नावाचं हाड. कानाच्या खाली कवटीपासून निघून हे बारीक हाड खाली आणि पुढे येतं, टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाने. साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर लांब असतं. काहींचं जास्त लांब असतं, किंवा त्याच्या टोकापासून गळ्याच्या हाडापर्यंत जाणारी दोरी असते ती वयाप्रमाणे कडक होत जाते, आणि मग टॉन्सिलच्या जागी बोट दाबलं की ते हाताला लागतं. दोन्ही बाजू सारख्याच लांब असतात असंही नाही, त्यामुळे एकीकडे लागतं आणि दुसरीकडे नाही हे अगदी होऊ शकतं. बहुतेकांना याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींना मात्र गिळताना टोचल्यासारखं होतं, मान वळवली की कळ येते, त्याच बाजूचा कान दुखतो. वॉट ईगल नावाच्या अमेरिकन सर्जनने 1937 मध्ये हे नीट लिहून ठेवलं म्हणून त्याला ईगल सिंड्रोम म्हणतात. त्रास नसेल तर त्याला हातही लावायचा नाही, आणि फारच त्रास असेल तर ऑपरेशन करून ते हाड छोटं करता येतं.

दुसरी शक्यता टॉन्सिलमधला खडा. टॉन्सिलला बारीक खड्डे असतात, त्यात अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि जंतू साचून कॅल्शियम धरतं आणि खडा होतो. वर असला तर पांढरा-पिवळा दिसतो, तोंडाला वास येतो, पण आत खोल असला तर दिसत नाही, फक्त लागतो. हाही निरुपद्रवी.

आता कानाचं. टॉन्सिलच्या भागाला जी नस जाते तिचीच एक फांदी कानात जाते, म्हणून घशात काही झालं की दुखणं कानात जाणवतं. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या मुलांचे कान दुखतात ते यामुळेच. तुम्ही दिवसभर दाबताय त्यामुळे कान जड वाटत असेल हे शक्य आहे, पण मी ते तिथेच सोडून देणार नाही. तंबाखू-सुपारी खाणाऱ्या माणसाचा एका बाजूचा कान दुखत असेल आणि कानात पाहिलं तर काहीच नसेल, तेव्हा आम्ही घसा फार बारकाईने बघतो, कारण टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर कधीकधी आधी असाच बोलतो. म्हणून घाबरू नका म्हणून मी तुम्हाला घरी बसवणार नाही. तुमच्या वर्णनात काळजीपेक्षा दिलाशाच्या गोष्टी जास्त आहेत, पण खर्रा आहे आणि महिना होत आला, एवढं मला पुरेसं आहे, या आठवड्यातच दाखवा.

कोणाला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला. दाताच्या डॉक्टरलाही नंतर एकदा तोंड दाखवा, खर्ऱ्यामुळे गरजेचंच आहे. खाजगीत परवडत नसेल तर आपल्या नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत सकाळी लवकर जा, मिहानला एम्सही आहे. तिथे काय होईल ते सांगते म्हणजे भीती थोडी कमी होईल. आधी उजेड टाकून जीभ दाबून पाहतील, दोन्ही टॉन्सिल सारखे आहेत का, कुठे जखम किंवा चट्टा आहे का. मग हातमोजा घालून ती जागा बोटाने तपासतील, जिभेचं मूळही चाचपतील. मानेला बाहेरून गाठ आहे का बघतील. नाकातून एक बारीक दुर्बीण घालून घशाचा खालचा भाग बघतात, औषध मारून थोडं बधिर करतात, दोन-चार मिनिटांचं काम असतं आणि नाकात विचित्र वाटण्यापलीकडे फार काही होत नाही. बरेचदा इथेच उत्तर मिळतं. वहिनींना सांगा, सिटी स्कॅन पहिल्या पायरीवर नसतो, डॉक्टरांना हाड लांब वाटलं किंवा आत काही संशय आला तरच, आणि कुठला स्कॅन काढायचा हेही तेच ठरवतील, नाहीतर पैसेही जातात आणि हवा तो भाग नीट येतही नाही.

आणि तुकडा काढून तपासायचा म्हणाले तर नाही म्हणू नका. सुई किंवा चाकू लागला की कॅन्सर पसरतो ही गोष्ट आपल्याकडे इतकी घट्ट बसलीय की लोक तपासणी टाळून चार-सहा महिने झाडपाल्यात घालवतात आणि मग गाठ मानेत उतरल्यावर येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुकड्याशिवाय निदान पक्कं होत नाही आणि निदानाशिवाय उपचार सुरू होत नाही. जेष्ठमधाने खवखव कमी होईल कदाचित, पण हाड किंवा गाठ त्याने जात नाही, आणि बीपी असेल तर रोज चघळू नका, वाढतो.

वेळ अजिबात घालवायचा नाही अशी लक्षणं म्हणजे गिळायला त्रास वाढत जाणं, थुंकीत रक्त, आवाज बदलून तसाच राहणं, मानेत कडक गाठ, वजन उतरणं, एक टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा चांगलाच मोठा आणि टणक होणं, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत न भरणं. आणि ताप, एका बाजूला जबर दुखणं, तोंड न उघडणं, लाळही गिळता न येणं, श्वासाला त्रास, असं झालं तर ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री कॅज्युअल्टीत जा, तो पू झालेला असू शकतो.

प्रश्न : मॅम, मी 19 वर्षांची आहे, धरमपेठला होस्टेलला राहते. घशाच्या मागच्या भिंतीवर लाल लाल दाणे दिसतात, ते गाठी आहेत का? सर्दी नेहमीच असते.

उत्तर : नाही गं, ते गाठी नाहीत. टॉन्सिलसारख्याच पेशींचे ते छोटे पुंजके आहेत, सर्दी, ॲलर्जी, ॲसिडिटी किंवा नाकातून मागे गळणारा शेंबूड याने फुगतात. मऊ असतात, दोन्हीकडे असतात. सर्दीचा बंदोबस्त कर, धुळीची ॲलर्जी आहे का ते विचार, रात्री उशिरा जेवून लगेच झोपू नकोस. अँटिबायोटिक मनाने घेऊ नकोस, याला लागत नाही.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमचे हे पंधरा वर्षांपासून खर्रा खातात. आता सावजीचा रस्सा तोंडाला लावता येत नाही, झोंबते म्हणतात, अन् पोळीचा घास मोठा घेता येत नाही. गालात आतून दोरीसारखं कडक लागते. दाखवायला नाही म्हणतात, गाठ तं नाही न म्हणतात. काय करू?
— इतवारी

उत्तर : ताई, हे ऐकून मला पहिल्या पत्रापेक्षा जास्त काळजी वाटली. तुम्ही जे सांगताय ते सबम्यूकस फायब्रोसिससारखं दिसतंय, म्हणजे तोंडाची आतली कातडी जाड, पांढुरकी आणि ताठ होत जाणं, आणि त्याचं मुख्य कारण सुपारी. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालते असं बरेच लोक समजतात, तसं नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलेलं आहे. आपल्या विदर्भातला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही एकत्र घोटलेलं, आणि तो तासन् तास गालात धरून ठेवलेला. ही स्थिती स्वतः कॅन्सर नाही, पण यातल्या काहींना पुढे होतो, म्हणून यांचं तोंड कायम नजरेखाली ठेवावं लागतं.

घरी एक करून बघा, त्यांना स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन जात नसतील तर तोंड कमी उघडतंय. भांडण करून ते येणार नाहीत, पण बोटं घालून स्वतः पाहिलं की बरेच जण तयार होतात. मेडिकलच्या आवारातच सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा. तोंड उघडायचे व्यायाम, गोळ्या, गालात इंजेक्शन असे उपचार आहेत, ताठपणा पूर्ण जात नाही पण वाढणं थांबवता येतं, मात्र खर्रा चालू ठेवून यातलं काहीच उपयोगाचं नाही. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं होतं, त्यालाही निकोटिनचं च्युइंगगम वगैरे मदत असते, पण तोंड नीट उघडत नसेल तर चघळणं जड जातं, तेव्हा डॉक्टरांना पट्टी किंवा गोळीबद्दल विचारा. सोडण्यासाठी 1800112356 हा सरकारचा फोन नंबर फ्री आहे. जाताना रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, पुढे तपासण्या किंवा ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तेच मागतात.