वडिलांचं वय 64, तीन गोळ्या चालू तरी बीपी 170, किडनीची नस आखडलीय म्हणतात. स्टेंट टाकावा का?

बीपी म्हणलं की लोक टेन्शन टेन्शन करतात, तिथंच माझं डोकं फिरतं म्हणून लिहितोय. आम्ही तासगावचे, बागवाले. आमच्या हिला 28व्या वर्षी बीपी निघालं, 190/110, तेही दाढ काढायला गेलो तिथं तपासलं म्हणून. थोरल्या दादांचं एकच, ती मनाला लावून घेती, मीठ कमी करा, सकाळी प्राणायाम करा. दोन वर्षं केलं, आमटी तोंडात धरवत नव्हती इतकं मीठ कमी केलं, एका गोळीच्या तीन झाल्या, बीपी काय उतरंना. मी म्हणायचो मोठ्या डॉक्टरला दाखवू, दादा म्हणायचे आधी बागेच्या औषधाची उधारी भागव.

शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या मॅडमनी बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. नस आखडली की रक्त घासून जातं, त्याचा आवाज येतो. दोन वर्षांत कुणी तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला नव्हता! रक्तातलं पोटॅशियम 2.9, म्हणजे कमी, उजवी किडनी डावीपेक्षा दोन सेंटीमीटर लहान, सीटी अँजिओत नस मण्यांच्या माळेसारखी. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजिया म्हणतात, नसेच्या भिंतीचाच आजार, तरुण बायकांत जास्त सापडतो. किडनीला रक्त कमी पडलं की ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते आणि अख्ख्या अंगाचं बीपी चढतं. गोल्डब्लाट नावाच्या डॉक्टरनं 1934 सालीच कुत्र्यांच्या किडनीची नस आवळून हे दाखवलंय. मनाला लावून घेण्याचा यात काय संबंध? फुगा घालून नस उघडली, स्टेंट लागलाच नाही, आता एका गोळीवर 128/80 असतं.

तुमच्या वडिलांचं मात्र वेगळं असणार, या वयात बहुतेक चरबी साठून नस आखडते. त्यात स्टेंटची घाई नको. 2014 साली कोरल नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात नीट गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा स्टेंटवाले सरस ठरले नाहीत. पण अचानक फुप्फुसात पाणी भरत असंल, किडनी झपाट्यानं खराब होत असंल, तर गोष्ट वेगळी, ते किडनीच्या डॉक्टरलाच विचारा. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी चालू केली असंल तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघा, दोन्हीकडच्या नसा आखडल्या असतील तर ते चढतं, पण गोळी मनानं बंद करू नका. विडी-तंबाखू असंल तर आजच बंद.

आणि घरात कुणी टेन्शनचं काढलं तर रिपोर्ट पुढं ठेवा. हिची फाइल टीव्हीशेजारीच असती, दादांनी अजून उघडलेली नाही.