लोणावळा काप

चि. पटकथाकार यास,
अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचली, सोबतची चिठ्ठीही वाचली. मित्र म्हणतात बायकोला दोषी ठरव, निर्माता म्हणतो प्रेक्षकाला काहीतरी ‘बघायला’ मिळू दे, आणि तू मला विचारतोस की तिनं नवऱ्याला खरंच फसवलंय का, हे दाखवू की नको. उत्तर एका ओळीचं आहे. लोणावळ्याच्या रिसॉर्टचा सीन काप.

तुझ्या सीन 11 मध्ये सोनं आहे आणि तुला त्याचा पत्ताच नाही. नवरा हिंजवडीत मीटिंगमध्ये. गाडी बायकोकडे, कोथरूडला आईकडे जाते म्हणालीय. आणि याच्या फोनवर फास्टॅगचा मेसेज येतो, पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवरच्या उर्से टोलनाक्यावर पैसे कापले गेले. बस्स. उर्से ओलांडून माणूस लोणावळ्याला जातो, मुंबईला जातो, कुणाला विमानतळावर सोडायलाही जातो. मेसेज सांगतो एवढंच की गाडी गेली. बाकीचं नवरा जोडतो.

मी जन्मभर जोडण्याचंच काम केलं. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता तिथे, स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म संकलनाच्या टेबलावर, बसून शिकले: एक शॉट लाव, शेजारी दुसरा लाव, तिसरा बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप तयार होतो. संशयी नवराही रात्रभर हेच करत असतो. पालथा ठेवलेला फोन, नवीन कुर्ता, टोलचा मेसेज. कापतो, जोडतो, पुन्हा कापतो. तू त्याला तिसरा शॉट आयता दिलास की तो रिकामा झाला, आणि आम्हीही.

गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिलं, आणि ‘संशयकल्लोळ’ही त्यांचंच. मत्सराचं रडणं आणि मत्सराचं हसणं, दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून आलं, याचं मला अजून नवल वाटतं. ऑथेल्लोला रुमाल पुरतो, ‘संशयकल्लोळ’मधल्या फाल्गुनरावाला बायकोच्या, कृत्तिकेच्या हातातली तसबीर. तुझ्या नवऱ्याला टोलचा मेसेज. त्या दोन्ही नाटकांत बघणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, म्हणून एकीकडे आपण हसतो आणि दुसरीकडे जीव मुठीत धरून बसतो. तू म्हणशील, मग मीही सांगून टाकतो! थांब जरा. तिथल्या बायका निर्दोष आहेत. तुझी नाही. सीन 4 मध्ये नवरा घरात शिरताच ती ज्या तऱ्हेनं चहाचा कप उचलून आतल्या खोलीत जाते, तिथेच मला कळलं. तिनं काहीतरी केलंय, पण तो जे जोडतोय ते नव्हे. या दोन्हींच्या मध्ये जी फट आहे ना, तीच तुझी गोष्ट आहे, आणि लोणावळ्याच्या त्या रिसॉर्टनं तू ती बुजवून टाकलीस. काप म्हणते ते यासाठी.

तुला स्वतःला मात्र पक्कं ठाऊक हवं. नटीच्या कानात सांग, नवऱ्याचं काम करणाऱ्याला कळू देऊ नकोस. ‘आम्ही ते मोकळं ठेवलंय’ म्हणणारे लेखक मला आळशी वाटतात.

‘उंबरठा’ (1982) पुन्हा बघ. सुलभा घरी परतते आणि आपल्या आयुष्यात दुसरी बाई आलीय हे नवरा स्वतःच्या तोंडानं सांगतो. बघताना स्मिता पाटीलकडे बघ. ती ऐकते कशी, ते बघ.

हे सगळं मी एकदा एका निर्मात्याला सांगितलं होतं. सिनेमा असाच, नवरा, बायको, संशय. बेडरूमचा प्रसंग मी कापला, त्यानं माझ्यामागे परत जोडला. मी श्रेयनामावलीतून नाव काढून घेतलं. पुढे बराच काळ कामं आली नाहीत, बाई आडमुठ्या आहेत असं पसरलं. होतेच आडमुठी! सिनेमा चालला, हेही सांगून ठेवते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळेल. चालला म्हणून तो प्रसंग बरोबर ठरत नाही. एका नटानं बंद दाराच्या कडीवर हात ठेवून, न उघडता, काय काम केलं होतं! पुढच्याच शॉटनं ते मातीत गेलं. त्याची हळहळ अजून आहे, नाव काढल्याची मुळीच नाही. तू म्हणशील म्हातारी आपलंच घोडं दामटतेय. दामटू दे. या बाबतीत मी बरोबर आहे.

आणि जेवतोस ना वेळेवर? मागच्या खेपेस फार उतरलेला दिसलास.

लोणावळ्याचं शूटिंग टळलं की वाचलेले पैसे साउंड रेकॉर्डिस्टला दे. पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेताना वाजणारी ती भयाण धून, लिफ्टचं दार, वॉचमनशी तिचं दोन शब्द बोलणं, हे सगळं नवरा वर बसून ऐकतोय. जागेवर जाऊन रेकॉर्ड करा, लायब्ररीतून उचलू नका.

तुझी,
मावशी

ता. क. नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या तोंडी ‘497 लावून त्याला आत टाकतो’ असं आहे. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं. व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मात्र हिंदू विवाह कायद्याखाली अजून मागता येतो, तेव्हा फॅमिली कोर्टाची धमकी चालेल. किंवा संवाद तसाच ठेव, असे भाऊ पुण्यात पुष्कळ आहेत. फक्त समोर बसलेल्या वकील मैत्रिणीला त्याला तिथल्या तिथे गप्प करू दे.