एका दिवसात हिलो

प्रश्न : आम्ही हवाईच्या क्रूझला निघालोय. जहाज हिलो बंदरात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार आहे. ज्वालामुखी, धबधबे, बागा एवढ्या वेळात होतील का? सासूबाई सोबत आहेत, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. आणि तिथे रोज पाऊस असतो म्हणतात. — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सगळं उरकायला जाऊ नका. मी हिलोत राहिले आहे, पाहुण्यांना घेऊन ही वाट कितीदा तरी केली आहे. तीन ठिकाणं निवांत बघा.

बंदरातून आधी रेनबो फॉल्सला जा. वायलुकू नदीचा हा धबधबा साधारण 24 मीटरचा आहे. गाडी लावली की समोरच दिसतो, सासूबाईंना पायऱ्या चढायला नकोत. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं, म्हणून तुषारांत इंद्रधनुष्य तेव्हाच दिसतं. अकाका फॉल्स कितीतरी उंच आहे, पण तिथे पायऱ्यांची वाट आहे आणि तो उलट्या दिशेला पडतो. यावेळी सोडा. ओनोमेआची वनस्पतीबागही सोडा, तिचा उतार फार तीव्र आहे.

मग थेट किलाउएआ ज्वालामुखी. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण चढत चढत तुम्ही 1,200 मीटरवर पोचता. खाली घाम, वर गारठा, तेव्हा सासूबाईंचा स्वेटर हाताशी ठेवा. रस्त्याजवळच जमिनीच्या भेगांतून वाफ येते. मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या तापलेल्या खडकाला लागून वर येतं ते हे. चष्मा लगेच धुरकटतो, चेहरा ओलसर उबदार होतो. कडेला ओहियाची झाडं दिसतील, लाल केसरांच्या झुपक्यांची. आपल्या जांभळाच्याच कुळातली. लाव्हा दिसेलच असं नाही. डिसेंबर 2024 पासून विवरात कारंजी उसळताहेत, कधी 300 मीटरहून उंच, पण मधले बरेच दिवस सगळं शांत असतं. आदल्या रात्री अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचं ताजं निवेदन वाचा. कोणाला दमा असेल तर गंधकाच्या वायूचा अंदाजही बघा. तिथला एकही दगड उचलू नका. कायद्याने मनाई आहेच, पण हवाईच्या लोकांसाठी ते ज्वालामुखीच्या पेले देवीचं घर आहे.

परतताना लिलिउओकलानी बाग. ती बंदराजवळच आहे, सपाट, जपानी धाटणीची, तळी आणि कमानदार पूल असलेली. ऊसमळ्यांत राबायला आलेल्या जपानी माणसांची आठवण तिथे जपली आहे, नाव मात्र हवाईच्या शेवटच्या राणीचं. बाजूच्या रस्त्यावर आपले वड आहेत, पारंब्यांसकट. एक अमेरिकेचा गाजलेला बेसबॉलपटू बेब रूथने लावलेला.

किनाऱ्यालगतची मोकळी हिरवळ बघून नुसत्या पुढे जाऊ नका. तिथे वस्ती होती. 1946 आणि 1960 च्या त्सुनामींनी ती नेली. 1960 ला चिलीतल्या भूकंपाने हिलोत 61 माणसं गेली. कामेहामेहा रस्त्यावरचं घड्याळ 1 वाजून 4 मिनिटांवर थांबलेलं आहे, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. गाडी थांबवून ते बघाच.

पावसाचं म्हणाल, तर हिलोत वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पडतो, पण कोकणासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, बाराही महिने सरीसरीने येतो. छत्री घ्या, बेत मोडू नका. लाव्हा उसळत असेल त्या दिवशी बाग सोडली तरी चालेल, पण वाहनांची रांग लागते. अडीचला डोंगर उतरायला लागा, जहाज थांबत नाही.