सरकारी लाइन आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस

जिल्हा ते तालुका लाइन सरकारी आहे, एमपीएलएसवर (पॅकेटला लेबल लावून वाट दाखवणारी पद्धत) आहे, म्हणजे डेटा सुरक्षित, असं धरून चालू नकोस. एमपीएलएस लेबल लावून तुझी वाहतूक इतरांपासून वेगळी ठेवतं, कुलूप लावत नाही. मधल्या राउटरवर ज्याचा हात, त्याला पॅकेट उघडं दिसतं. तेव्हा दोन्ही टोकांना आयपीसेक टनेल, म्हणजे डेटा कुलूपबंद करून नेणारा बोगदा, हवाच: चाव्या ठरवायला आयकेई व्ही२, कुलूप म्हणून एईएस-२५६. जुन्या कॉन्फिगमध्ये डीईएस हे जुनं कुलूप सापडलं तर त्याच दिवशी काढ. त्याची ५६ बिटांची की (चावी) १९९८ मध्येच तीन दिवसांच्या आत फोडली गेली होती.

टनेल सुरू होतो, पिंग (जोडणीची तपासणी) चालतं, लॉगिनचं पान उघडतं आणि मोठी पीडीएफ मात्र अडकते. सर्व्हरवाल्यांशी भांडण्यात मी अख्खी रात्र घालवली आहे! दोष एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, होता. आयपीसेकचं वेष्टण चढलं की १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही. टीसीपी एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा, १३६० बाइट करून बघ.

प्री-शेअर्ड की, म्हणजे दोन्ही टोकांना आधीच दिलेली गुप्त चावी, सगळ्या तालुक्यांना एकच देऊ नकोस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात पाठवू नकोस. त्या कीऐवजी सर्टिफिकेट (मुदत असलेलं डिजिटल ओळखपत्र) वापरणार असशील तर राउटरचं घड्याळ एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला, लाव. वीज गेली की काही जुने डबे तारीख विसरतात, मग सर्टिफिकेटची मुदत जुळत नाही आणि सकाळी टनेल उठतच नाही.