वाचकांचे प्रश्न : समुद्रात कयाक नेताना

प्रश्न : हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र देवबागच्या किनाऱ्यावरून कयाक घेऊन समुद्रात जातो. पोहता सगळ्यांना येतं. लाइफ जॅकेटमध्ये उकडतं, म्हणून ती पाठीमागे दोरीखाली अडकवतो. वेळ आली की घालायची. चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची हलकी, अरुंद होडी; ती क्षणात उलटते. पाण्यात पडल्यावर एका हातात वल्हं आणि दुसऱ्या हातात कयाक धरावी लागते, कारण सुटलेली कयाक वारा तुमच्या पोहण्यापेक्षा लवकर नेतो. मग जॅकेट घालायला हात उरतो कुठे? त्यातून फोम वर उसळतो आणि बाहीत हात घालेपर्यंत जॅकेट निसटत राहतं. किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात, सोबतीला कुणी असताना, पाय न टेकवता एकदा करून बघाच.

उकडण्याचं म्हणाल तर प्रवासी बोटींतली जाड केशरी जॅकेटं वल्हवण्यासाठी नसतातच. कयाकसाठी ५० न्यूटन तरणशक्तीचं, काख मोकळी ठेवणारं जॅकेट मिळतं. ते पाण्यात बुडवून घातलं की बराच वेळ गार राहतं. मात्र ते शुद्धीतल्या माणसाला तरंगवतं; बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवेलच याची खात्री नाही. म्हणून एकट्यानं जाऊ नये. घालताना आधी कमरेचा पट्टा आवळा, मग बाजूचे, शेवटी खांद्यांचे. मित्राला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीवर सरकलं तर ते सैल आहे. दाबलेला फोम पुन्हा फुगत नसेल किंवा उन्हानं विटलेलं कापड शिवणीशी फाटत असेल, तर नवीन घ्या.

शिट्टी जॅकेटला बांधा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, अंगावरच ठेवा. कप्प्यातला फोन कयाकबरोबर वाहून जातो. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ त्यात आधीच साठवून ठेवा.

प्रश्न : जॅकेट, ओढदोरी, पाणी उपसायचा पंप असं सगळं सामान घेतलं. आता दोन-तीन किलोमीटर आत जायला हरकत नाही ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सामान आलं की माणूस आणखी आत जातो, आणि काळजी वाटते ती याचीच. किती आत जायचं हे उलटलेल्या कयाकवर तुम्हाला परत चढता येतं का, यावरून ठरवा. वर बसायच्या उघड्या कयाकची पलीकडची कड ओढून ती सरळ करा. मध्यावर दोन्ही हात रोवा, पाय पाण्याच्या वरच्या थरात आणून जोरात हलवा आणि पोटावर आडवे सरका. मग कूस बदलून बैठकीत बसा. पाय सर्वात शेवटी आत घ्या. बहुतेक जण उभ्यानं चढायला जातात. त्यानं पाय कयाकखाली जातात आणि ती अंगावर उलटते. दमलेले असताना, हलत्या पाण्यात, सलग तीन वेळा जमेपर्यंत किनारा सोडू नका.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यातल्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याशी पाणी सपाट दिसतं, जाताना कयाक पळते. परतताना तोच वारा तोंडावर येतो. दहा मिनिटं गेल्यावर वळा आणि तेवढंच अंतर किनाऱ्याकडे मारून बघा. पंधरा मिनिटं लागली तर त्या दिवशी किनाऱ्यालगतच राहा. दुपारी खारा वारा वाढतो. लाटांच्या माथ्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी २० किलोमीटरच्या आसपास पोचलेला असतो. नवख्यानं तेव्हा पाण्यात असू नये.

खाडीच्या मुखाशी ओहोटी असेल तर फारच जपून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात बाहेर ओढतं, समोरून लाटा आत येतात आणि त्या उभ्या होऊन फुटतात. मुख ओलांडायचं तर भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या वेळी.

प्रश्न : भाड्याची कयाक मध्येच जड होऊन डुलायला लागते. असं का होतं?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : कयाकच्या पोकळ पोटात पाणी शिरलेलं असतं. बहुधा मागच्या टोकाचं बूच सैल असतं किंवा लावलेलंच नसतं. आतलं पाणी डुलताना एका बाजूला धावतं, म्हणून तोल जातो. लाटांत झाकण उघडून पंप मारू नका, उलट जास्त पाणी शिरेल. तडक किनाऱ्याला या. निघण्यापूर्वी बूच हातानं पिळून बघा आणि कयाक हलवून आत खळखळ ऐकू येते का, तेही पाहा.